कोन्या झाडाचं कलम? – आमच्या रोपवाटिकेची वाटचाल

संत्र्याचं कलम आज विकलं तरी त्याचं खरंखोटं चार-पाच वर्षांनी, झाडाला फळ धरल्यावर कळतं. म्हणून आमच्या धंद्यात जुन्या वहीला मोल. शेंदुरजना घाटला बाबांनी जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचे डोळे (फांदीवरचे कोंब) बांधायला सुरुवात केली, तेव्हापासूनच्या वह्या आमच्याकडे होत्या. त्यातल्या बऱ्याच वाळवीनं खाल्ल्या. एकदा मोर्शीकडचे जुने गिऱ्हाईक आले अन् म्हणाले, "काऊन जी, हे कलम कोन्या झाडाचं होय?" मला सांगता आलं नाही. त्या रात्री झोप लागली नाही.

त्यानंतर क्रोमबुक, म्हणजे गुगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप, घेतलं. ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण. यापेक्षा महागाचं झेपणारं नव्हतं. पहिले सहा महिने ते कपाटातच राहिलं. वाडीत नेट धड नाही, लाइन केव्हा जाईल नेम नाही, आणि विंडोजवरचं हिशेबाचं सॉफ्टवेअर त्यावर चालत नाही.

कामाला आलं ते ऑफलाइन, म्हणजे नेटशिवाय चालणं. गुगल ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये ते नेट असतानाच चालू करून ठेवावं लागतं, एवढीच गोष्ट आम्हाला ठाऊक नव्हती. आता हिवाळ्यात डोळे बांधणं सुरू असताना मी वाफ्याजवळ बसूनच शीट भरतो : मातृवृक्षाचा (ज्या झाडाचे डोळे घेतले त्याचा) क्रमांक, तारीख, बांधणाऱ्याचं नाव, किती डोळे लागले, किती गेले. संध्याकाळी घरी नेट मिळालं की सगळं आपोआप वर चढतं. बयाण्याच्या पावत्याही त्यातच, मराठीतून. मराठी कळफलक सेटिंगमधूनच जोडता येतो.

क्रोमओएसवर २०१८ पासून लिनक्सचे प्रोग्रॅमही चालतात, म्हणून लिब्रेऑफिस हे ऑफिसकामाचं मोफत सॉफ्टवेअर टाकून पाहिलं. ४ जीबीत फार जड गेलं, काढून टाकलं. त्यापेक्षा सर्च आणि एस्केप एकदम दाबून कोणता टॅब किती मेमरी खातो ते पाहावं आणि नको तो बंद करावा. आमचं मशीन त्यानंच हलकं झालं.

एक घाव मात्र बसला. मातृवृक्षांचे फोटो मी 'डाउनलोड्स'मध्ये ठेवत होतो. ते फोल्डर लॅपटॉपातच राहतं, ड्राइव्हवर जात नाही. अडकलेलं मशीन पॉवरवॉश केलं, म्हणजे आतलं सगळं पुसून नव्यासारखं केलं, आणि एका हंगामाचे सगळे फोटो गेले. आता फोटो थेट ड्राइव्हवर जातात.

दुसरं क्रोमबुक जुनं घेतलं, पण आधी सेटिंगमध्ये अपडेट कधीपर्यंत मिळणार ते पाहिलं. गुगलनं २०२३ मध्ये १० वर्षांच्या अपडेटची घोषणा केली. पण ही मुदत आपल्या खरेदीपासून नव्हे, त्या मॉडेलचा प्लॅटफॉर्म (आतली मूळ जडणघडण) बाजारात आल्यापासून मोजतात. दुकानदार हे सांगत नाहीत.

सध्या उरलेल्या वह्यांचे फोटो काढणं सुरू आहे. अर्धवट दिसणारे क्रमांक बाबाच ओळखतात, म्हणून दुपारी जेवण झालं की ते माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसतात.