तुम्ही विचारलंत म्हणून: क्वालिटीनं पैसा किती मिळाला?

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत माझा छोटा मशीनिंगचा गाळा आहे. तिथं चहाला भेटलं की कुणीतरी विचारतंच: आयएसओचं क्वालिटी सर्टिफिकेट घेतलंस, मापं तपासायला गेज रूम केलीस, पण पैसा किती वाढला? तीन वर्षं मी विषय बदलत आलो. आता एकदाच लिहितो.

रेट वाढला नाही. सर्टिफिकेट बघून माल घेणाऱ्या पार्टीनं एक रुपया जादा दिला नाही. सप्लायरच्या यादीत नाव राहिलं, तेवढंच. पण तुम्ही फक्त बिलावरचा आकडा बघता, याचा मला राग येतो. गळती बिलावर दिसत नाही.

हाउसिंगमध्ये बेअरिंग बसायच्या बोअरचं, म्हणजे गोल भोकाचं, काम होतं. भोकाचं माप बघायला त्यात प्लग गेज नावाचा ठराविक मापाचा दांडा घालतात. ऑपरेटर म्हणाला, "दादा, प्लग गेज लई सैल जातंय, एकदा बघा की." गेजच्या कॅलिब्रेशनची, म्हणजे त्याचंच माप तपासून घ्यायची, तारीख उलटून चार महिने झाले होते. साडेतीनशे रुपयांचं काम. टेम्पो दारात उभा होता. मी म्हणालो, "जातंय ना आत? मग पास." गेजची गो बाजू, म्हणजे बरोबर मापाच्या भोकात जायलाच हवी ती, झिजली की ती कमी साइजच्या भोकातही जाते, हे डिप्लोमाला शिकलो होतो. माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही.

१,८०० नग पुण्याला गेले. तिथं बेअरिंग दाबताना हाउसिंग तडकायला लागलं, लाइन थांबली. मी आणि तोच ऑपरेटर तीन दिवस त्यांच्या शेडमध्ये जमिनीवर बसून एकेक नग तपासत होतो. मी सांगितलं होतं, असं तो एकदाही म्हणाला नाही. त्यानं म्हणायला हवं होतं. नुकसानीपोटी आमच्या बिलातून पैसे कापल्याची डेबिट नोट १,८६,००० रुपयांची आली. परतताना कऱ्हाड मागे पडलं तरी आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो.

अमेरिकन क्वालिटी तज्ज्ञ आर्मंड फायगेनबॉम यांनी १९५६ सालीच क्वालिटीचा खर्च तीन भागांत मांडला होता: चूक टाळण्याचा, तपासणीचा आणि झालेल्या चुकीचा. माझ्या टॅलीच्या हिशोबात पहिले दोन ठळक दिसायचे. तिसरा भाडं, ओव्हरटाइम आणि भंगारात मुरलेला. म्हणून क्वालिटी महाग वाटायची. रिवर्कचे तास वेगळे लिहायला लागलो तेव्हा कळलं, महिन्याचे चार-पाच दिवस आम्ही आपलंच काम दुसऱ्यांदा करत होतो.

पुढच्या वर्षी नफा वाढला. पण त्याच वर्षी मशीनचं कर्ज फिटलं आणि ट्रॅक्टरच्या ऑर्डरीही वाढल्या. मग गेज रूमचा वाटा किती? हेंड्रिक्स आणि सिंघल या संशोधकांनी १९९७ साली दाखवलं की गुणवत्तेचे पुरस्कार मिळालेल्या कंपन्यांचा नफा तुलनेच्या कंपन्यांपेक्षा जास्त वाढला. मला ते पटतं. तरी सहा मशीनच्या गाळ्यात तो वाटा वेगळा काढता येत नाही, आणि जो काढून दाखवतो त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही.

मागच्या महिन्यात त्याच ऑपरेटरनं मला न विचारता मशीन बंद केलं. गेज तपासलं तर नीट निघालं. अर्धी शिफ्ट गेली. तो माझ्या तोंडाकडे बघत उभा होता. मी म्हणालो, "बरं केलंस." आत कुठंतरी मी त्या अर्ध्या शिफ्टचे पैसे मोजतच होतो.