एसीट्रॉम चालू असताना गजकर्णाची गोळी, माझा अनुभव

आईचा हृदयातला मायट्रल व्हॉल्व बदलून आठ वर्षं झाली, मेटलचा आहे म्हणून रक्त पातळ व्हायची गोळी, एसीट्रॉम, रोज संध्याकाळी, आणि आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा टेस्टचा आकडा, जास्त म्हणजे जास्त पातळ) २.५ ते ३.५ च्या मधे ठेवायचा, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. महिन्याला टेस्ट, रिपोर्ट वहीत, सगळं व्यवस्थित चालू होतं.

जुलैत पाऊस सुरू झाला आणि आईच्या कमरेला, परकराची नाडी बसते तिथे, गजकर्ण उठलं. घराजवळच्या स्किनच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी फ्लुकोनॅझोल १५० दिली, आठवड्यातून एकदा. बाकी कुठली औषधं चालू आहेत हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही, हार्टची फाईल घरीच ठेवून गेले होते. चामडीच्या रोगाचा हार्टच्या गोळीशी काय संबंध, असंच मला वाटलं होतं. याचं मला अजूनही फार वाईट वाटतं.

दुसरी गोळी घेऊन दोन-तीन दिवस झाले असतील, सकाळी बेसिनमधे बघितलं तर पेस्टचा फेस गुलाबी. आई म्हणाली, "अगं ब्रश कडक आहे." मग तिच्या दंडावर डाग दिसला, तळहाताएवढा, मधे काळपट जांभळा आणि कडेला पिवळा, आणि कुठे लागलं ते तिला आठवेचना. मी महिन्याची वाट न बघता त्याच दिवशी धंतोलीत टेस्ट करून आणली. आयएनआर ७.८.

रिपोर्ट हातात घेऊन थेट हार्टच्या डॉक्टरांकडे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "नवीन काय सुरू केलं?" मी पर्समधून स्ट्रिप काढून दाखवली. त्यांनी समजावून सांगितलं की आपलं लिव्हर ज्या एन्झाइमने एसीट्रॉम मोडतं त्यालाच फ्लुकोनॅझोल अडवतं, म्हणजे गोळी आई तेवढीच घेत होती पण अंगात साठून राहिली होती. रात्रभर ॲडमिट केलं, एसीट्रॉम बंद, आणि व्हिटॅमिन के अगदी थोडं, तोंडाने. जास्त दिलं तर रक्त एकदम घट्ट होऊन व्हॉल्ववरच गुठळी बसायची भीती, हे ऐकून तर मला घामच फुटला, इकडे रक्तस्राव आणि तिकडे गुठळी.

नंतरचे दोन आठवडे जास्त किचकट गेले. फ्लुकोनॅझोल बंद केली तरी ती अंगातून जायला आठवडा लागतो, म्हणून एसीट्रॉम आधी कमी डोसने आणि मग आयएनआर खाली यायला लागला तसा परत वाढवत न्यायची, दर दोन दिवसांनी सुई. ४.१, ३.४, मग एकदा २.२, त्या रात्री मला झोप नाही.

तोंड आलं की लावायचं मायकोनॅझोलचं जेल असतं ना, मेडिकलमधे सहज मागून आणतो आपण, त्यानेही आयएनआर असाच चढतो, हे डॉक्टरांनी मुद्दाम बजावलं. माझ्या काकांना रिव्हारोक्सॅबॅन ही रक्त पातळ व्हायची दुसरी गोळी आहे, त्यात आयएनआर बघावा लागत नाही म्हणून ते निर्धास्त होते, पण इट्राकोनॅझोल किंवा कीटोकोनॅझोल या बुरशीवरच्या गोळ्यांनी तिचंही प्रमाण रक्तात वाढतं, मी त्याच दिवशी फोन करून सांगितलं.

गजकर्ण शेवटी नुसत्या क्रीमने गेलं, सहा आठवडे लागले. परवाचा आयएनआर २.९ आला. आईने वहीत स्वतः लिहिला.