तळघरातली आफ्रिका: लंडनमधले दोन दिवस

ब्रिटिश म्युझियममध्ये आधी इजिप्त बघायला गेलो, तिथेच चुकलं. ममी आणि रोझेटा शिलेच्या गर्दीत तीन तास गेले आणि आफ्रिकेच्या २५ नंबरच्या दालनात उतरेपर्यंत सव्वाचार वाजले. पाचला बाहेर काढतात. नकाशावर खंड एकच, पण इथे इजिप्त वर आणि बाकीची बहुतेक आफ्रिका तळघरात.

दुसऱ्या दिवशी थेट जिना उतरलो. बेनिनचे पितळी फलक उभ्या दांड्यांवर ओळीने लावलेत. (हे बेनिन म्हणजे नायजेरियातलं शहर, शेजारचा देश नव्हे.) राजवाड्यात ते लाकडी खांबांवर ठोकलेले असत. वाकून बघा, खिळ्यांची भोकं दिसतात. काहींवर लांब केसांचे, दाढीवाले पोर्तुगीज आहेत; गोव्यात, वसईत आले तेच. ते बांगडीसारखी पितळी कडी आणत, आणि बेनिनचे ओतारी ती वितळवून मेणाच्या नमुन्यावरून फलक ओतत.

पाटी वाचताना शेवटचा नोंदणी क्रमांक सोडू नका. बऱ्याच फलकांच्या क्रमांकात १८९८ आहे. ब्रिटिश फौजेने शहर लुटलं, राजाला हद्दपार केलं, ते १८९७ साली. वर्षभरात लूट दप्तरी जमा!

परत का देत नाहीत? संग्रहातल्या वस्तू कायमच्या देऊन टाकायला ब्रिटिश म्युझियमला १९६३चा कायदा आडवा येतो, म्हणून उसनं देण्याची वाट. लंडनच्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं २०२४ मध्ये साताऱ्याला आली तीही उसनीच, तीन वर्षांसाठी. त्याच वर्षी घानातल्या कुमासीला असांते राजघराण्याचं सोनं गेलं, तेही तसंच.

म्हणून हॉर्निमन म्युझियम चुकवू नका. चहाच्या व्यापाऱ्याने उभं केलेलं हे संग्रहालय. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांनी बेनिनहून लुटलेल्या ७२ वस्तूंची मालकी नायजेरियाला दिली. सहा लगेच गेल्या, बाकीच्या लंडनने नायजेरियाकडून उसन्या ठेवून घेतल्या.

दोन्हीकडे प्रवेश फुकट; ब्रिटिश म्युझियमचं मोफत तिकीट आधी ऑनलाइन काढा. शुक्रवारी ते रात्री साडेआठपर्यंत उघडं असतं, तेव्हा गर्दीही कमी. विमानतळावरून थेट जाऊ नका, चाकांची बॅग आत घेत नाहीत. हॉर्निमनसाठी लंडन ब्रिजहून फॉरेस्ट हिलची लोकल पकडा. पुढे दहा मिनिटं चढ आहे. आईबाबा सोबत असतील तर बस घ्या.