मऊ अंगाचे सगळे एका ढिगात

दहावीला प्राणी वर्गीकरण शिकवताना मी संघांच्या, म्हणजे प्राण्यांच्या मोठ्या गटांच्या, नावांची फोड करून दाखवते. सांधे असलेले पाय ज्यांना आहेत ते संधिपाद, कातडीवर काटे असलेले ते कंटकचर्मी, अंगावर वलये असलेले ते वलयी. ही नावे स्वतःच आपली व्याख्या सांगतात, तेव्हा पाठांतराची गरज नाही, असे मी अनेक वर्षे मोठ्या खात्रीने सांगत आले होते. एका घटक चाचणीने ती खात्री बरीच हलवली.

‘गांडूळ कोणत्या संघातील आहे, ते कारणासह लिहा’ असा साधा प्रश्न होता. अडतीसपैकी अकरा मुलांनी ‘मृदुकाय, कारण त्याचे शरीर मऊ असते’ असे उत्तर लिहिले होते. गांडूळ खरे तर वलयी. पेपर तपासताना प्रथम राग आला, पण तिसऱ्या-चौथ्या उत्तरपत्रिकेपाशी लाल पेन थबकले. मृदू म्हणजे मऊ आणि काय म्हणजे शरीर, ही फोड मीच फळ्यावर लिहून दिली होती आणि मुलांनी ती प्रामाणिकपणे वापरली होती.

आमची शाळा रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या तोंडाशी आहे. वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी मासेमारी चालते. दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी होती, म्हणून घरून आणि किनाऱ्यावरून जे मिळेल ते आणायला सांगितले. प्रयोगशाळेच्या टेबलावर कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या (लहान शिंपले), दगडासकट खरवडून आणलेली कालवे, दोन माकुले (स्क्विड), जाळ्यात आलेला एक तारामासा आणि हात न लावता करवंटीतून आणलेली एक जेलीफिश अशी मांडणी झाली. शाळेच्या बागेतले गांडूळही होते. ज्या मुलीच्या वडिलांची स्वतःची होडी आहे, तिला मी पुस्तक न उघडता गट पाडायला सांगितले.

तिने क्षणभरही विचार न करता तीन ढीग केले. कोळंबी आणि कुर्ल्या एकीकडे, कालवे आणि तिसऱ्या दुसरीकडे, आणि माकूल, जेलीफिश, गांडूळ, तारामासा हे सगळे तिसरीकडे. ‘‘बाई, कालव मृदुकाय कसं? ते फोडताना हात कापतो,’’ असे तिने वर विचारलेही.

तो तिसरा ढीग पाहून मला एम.एस्सी.च्या काळात वाचलेले आठवले आणि मी ते वर्गाला सांगितले. सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने १७५८ साली ‘सिस्टिमा नॅच्युरी’च्या दहाव्या आवृत्तीत ‘मोलस्का’ नावाचा जो गण केला, त्यात माकूल, जेलीफिश आणि तारामासा एकत्रच होते, आणि शिंपले व कालवे मात्र कवचधारी म्हणून वेगळ्या गणात होते. गांडूळ तेवढे त्याने निराळे ठेवले होते. त्याच लिनियसने १७३५च्या पहिल्या आवृत्तीत देवमाशाला माशांत बसवले होते आणि पुढे दहाव्या आवृत्तीत सस्तन प्राण्यांत हलवले. आपली चूक इतकी जुनी आणि इतक्या मोठ्या माणसाची आहे हे कळल्यावर वर्गात जरा रुबाबच आला.

मग माकूल कापायला घेतले. आतून पिसाच्या आकाराची, पारदर्शक, प्लास्टिकच्या पट्टीसारखी चिवट काडी ओढून काढली. ‘‘हे तर आम्ही साफ करताना टाकून देतो,’’ ती मुलगी म्हणाली. हेच माकुलाचे उरलेसुरले कवच, असे सांगितल्यावर तिने ती काडी उजेडासमोर धरून बराच वेळ पाहिली. माकुलाच्या ज्या गोल चकत्या आपण तळून खातो त्या प्रावाराच्या, म्हणजे मृदुकाय प्राण्यांचे अंग झाकणाऱ्या आवरणाच्या असतात. तोच प्रावार कालवाच्या शिंपल्याला आतून पातळ पडद्यासारखा चिकटलेला असतो. एक कालव उघडून तो चिमट्याने उचलून दाखवला. मऊपणा गांडुळातही आहे आणि जेलीफिशमध्येही आहे, प्रावार मात्र त्या दोघांतही नाही, हे मुलांना डोळ्यांनी दिसले. माझ्या लाडक्या शब्दफोडीत प्रावाराचा मागमूसही नव्हता. फोड नाव लक्षात ठेवायला उपयोगी आहे, गट ठरवायला नाही, हे मी त्या अकरा उत्तरपत्रिकांखाली लिहायला हवे होते. मी नुसता शून्य दिला होता. तो खोडून अर्धा गुण दिला.

तास संपत आला होता. कालवांच्या दगडावर चिकटलेले पांढरे, टोकदार, हरभऱ्याएवढे सुळके एका मुलाने नखाने खरवडले आणि तेही मृदुकाय का, असे विचारले. ते बार्नॅकल होते. कवच होते, दगडाला घट्ट चिकटलेले होते, हलत नव्हते. कोणालाही शिंपल्याचे भाऊबंद वाटावेत असेच होते. उत्तर न देता मी तो दगड समुद्राच्या पाण्याच्या बरणीत ठेवला आणि कोणी टेबल हलवू नका म्हटले. मधली सुट्टी झाली तरी सात-आठ जण तिथेच उभे राहिले. काही वेळाने एका सुळक्याच्या टोकावरची झडप किंचित उघडली, आतून पिसासारखे पाय बाहेर आले, पाण्यात ओंजळीसारखे फिरले आणि झटकन आत गेले. पुन्हा बाहेर आले.

होडीवाल्याची मुलगी बरणीला नाक लावून बसली होती. ‘‘बाई,’’ मान न वळवता ती म्हणाली, ‘‘भिंग द्या. सांधे बघते.’’