लोखंड खाणारं पाणी

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये त्या पावसाळ्यात वीस लिटरचा एक कॅन आला. तांब्याच्या खाणीबाहेर टाकलेल्या दगडांच्या ढिगातून झिरपलेलं पाणी. पीएच १.८, म्हणजे चांगलंच आम्लयुक्त, रंग गढूळ चहासारखा, लिटरमागे तांबं १.१ ग्रॅम. आर्सेनिक नाही, ही खात्री आधीच करून घेतली होती, कारण अशा आम्लात लोखंड टाकलं आणि आर्सेनिक असलं तर विषारी आर्सिन वायू सुटतो.

पद्धत जुनी: लोखंड विरघळतं आणि त्याच्या जागी तांबं बाहेर पडतं. एक ग्रॅम तांब्याला सुमारे ०.८८ ग्रॅम लोखंड पुरतं. शेजारच्या वर्कशॉपमधून लेथवर निघालेला लोखंडाचा कीस आणला, त्याला लागलेलं कटिंग ऑइल कॉस्टिक सोड्याने धुऊन काढलं आणि एक लिटरच्या बीकरात मोजून टाकला. किसावर लालसर झाक आली. पण अर्ध्या तासात झाकही गेली आणि कीसही. आणखी तेवढाच टाकला, तोही गेला.

बीकर धुवायला आलेले मामा म्हणाले, "ताई, हे पाणी लोखंड खातंय."

मी हिशेब तांब्याचाच केला होता! एका थेंबात फेरिक लोखंड ओळखणारं अमोनियम थायोसायनेट घातलं, तर रक्तासारखा लाल रंग. पाण्यात फेरिक, म्हणजे जास्त ऑक्सिडीकरण झालेलं विरघळलेलं लोखंड भरपूर होतं. ते धातूचं लोखंड खातं आणि वर बसलेलं तांबंही पुन्हा विरघळवतं.

मग हे फेरिक आधी काढायला कॅनमधल्या उरलेल्या पाण्यात, पाण्यात कालवलेला चुना हळूहळू सोडत पीएच ३.५ वर आणला. इथे घाई करून चालत नाही. पाचच्या आसपास गेलात की तांबंही गाळात बसू लागतं. गंजाच्या रंगाचा गाळ खाली बसला. गाळून घेतलेलं पाणी फिकट निळं, स्वच्छ. थोडं आम्ल घालून पीएच अडीचवर नेला, नवा कीस टाकला आणि मिनिटभरात तो लालभडक झाला. ढवळलं की तांब्याचा भुगा सुटून तळाशी बसायचा. निळेपणा ओसरून पाणी हलकं हिरवट झालं. भुगा स्पिरिटने धुऊन वाळवला: १८ ग्रॅम. मामांनी बाटली उजेडात धरून दोनदा पाहिली.

पण त्या हिरवट पाण्यात आता विरघळलेलं लोखंड होतं, ते तसं सोडता येत नव्हतं. पुन्हा चुना घातला, हवा सोडली. हिरवे गोळे डोळ्यांदेखत तपकिरी होत गेले. ते गाळून पाणी ईटीपीकडे, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेकडे पाठवेपर्यंत साडेआठ वाजले होते.

आम्ही दोघं ठाण्याच्या गाडीला धावलो.