आठ आण्याची पावपट

मे महिन्यातल्या दुपारी दारव्ह्याच्या स्टँडवर एसटीची वाट पाहत बसण्यापेक्षा कुठंतरी सावलीत शिरलेलं बरं. मी शिरतो ती एक जुनी खोली आहे. गावातली निवृत्त मास्तर मंडळी तिथं लोकांनी दान दिलेली पुस्तकं छापील किमतीच्या पावपटीनं विकतात. येतील त्या पैशातून मुलींच्या वसतिगृहाला वह्या जातात. आत वाळ्याचा कूलर आहे. डांबरगोळ्यांचा वास आणि ओल्या वाळ्याचा वास एकत्र आला की मला घरी जावंसंच वाटत नाही.

दर्शनी फळीवर नेहमीचाच माल: स्पर्धा परीक्षांची गाइडं, दिवाळी अंक, लग्नात आहेर आलेल्या कादंबऱ्या. ती फळी मी ओलांडून जातो. मला खालच्या, गुडघे टेकून बघाव्या लागणाऱ्या फळीची खोड आहे. कोणी आवडीनं वाचावीत म्हणून न छापलेली पुस्तकं तिथं असतात. रेल्वेची वेळापत्रकं, औषधफवारणीच्या पुस्तिका, सहकारी सोसायटीचे पोटनियम. कादंबरी वाचणारा माणूस मागं काही ठेवत नाही, फार तर चहाचा डाग. पण रोज कामात असलेल्या पुस्तकावर माणसाचा हात उमटतो. एका वेळापत्रकात शकुंतलेच्या, म्हणजे आमच्या नॅरोगेज गाडीच्या, पानावर मुर्तिजापूर आणि यवतमाळच्या वेळांखाली पेन्सिलीची रेघ होती. दारव्ह्यापुढं कोणीतरी बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘अर्धा तास धरून चालावे’. ती गाडी 1994 पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावली. अर्धा तास म्हणजे त्या माणसानं कौतुकानंच धरला असणार.

यावेळी दोन वस्तू हाती लागल्या. पहिलं चौथीचं भूगोलाचं पुस्तक. पुठ्ठा गेलेला, कसरीनं नकाशाला भोकं पाडलेली, आणि दोन पानांच्या खाचेत एक सरकी अडकलेली, कापसाचे तंतू तिला अजून चिकटून. पहिल्याच धड्यात ‘आपल्या राज्याची राजधानी नागपूर’. हे खरंच होतं. 1956 पर्यंत आम्ही वऱ्हाडातले लोक मध्यप्रदेशात होतो. ‘नागपूर’वर शाईची आडवी रेघ, वर मुलाच्या अक्षरात ‘मुंबई’. पानाच्या वर समासात ‘मुंबई राज्य’, तेही खोडलेलं, आणि शेजारी निराळ्या, जांभळ्या शाईत ‘महाराष्ट्र’. थोरल्याचं पुस्तक धाकट्यानं वापरलं, धाकट्याचं शेंडेफळानं. घर तेच, शाळा तीच, बहुतेक मास्तरही तेच असतील. राज्यं मात्र तीन झाली. नव्या पुस्तकाला पैसे नव्हते, म्हणून हा इतिहास भूगोलाच्या समासात राहिला.

दुसरी एक चोपडी, तळहाताएवढी, आण्यांचे नवे पैसे करण्याच्या कोष्टकांची. 1 एप्रिल 1957 ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्याआधी रुपयाचे सोळा आणे. सोळानं शंभराला भागलं की एका आण्याला सव्वासहा येतात, आणि पाव पैशाचं नाणं कोणी पाडत नाही. म्हणून कोष्टकात एक आणा सहा पैसे, दोन आणे बारा, तीन आणे एकोणीस आणि चार आणे पुरे पंचवीस.

इथं मला माझी आजी आठवली, तिनं ही चोपडी कधी पाहिली नसताना. ती निरक्षर होती, पण एकेक आण्याची वस्तू तीनदा घेतली तर अठरा पैसे आणि एकदम घेतली तर एकोणीस, हे तिला पहिल्या आठवड्यातच कळलं. ती तीन पोरांना वेगवेगळं पाठवायची, एकाच दुकानात, मध्ये थोडा वेळ जाऊ देऊन. माझे वडील त्यातले मधले. दुकानदाराला हे कळायला दिवाळी उजाडली म्हणे.

आबाजींचं उलटं. ते शाळा शिकलेले, त्यामुळं त्यांना नवा हिशेब शेवटपर्यंत नासका वाटला. उन्हाळ्यात संध्याकाळी अंगणात सडा पडला की आम्हा पोरांना ओळीनं बसवून पावकी, निमकी, पाऊणकी असे अपूर्णांकांचे पाढे म्हणायला लावायचे. सवायकी, दिडकी, अडीचकीपर्यंत मी तग धरायचो. औटकीला, म्हणजे साडेतीनच्या पाढ्याला, घसा सुकायचा. ‘सात औट?’ असा मध्येच प्रश्न यायचा आणि ‘साडेचोवीस’ तोंडातून निघेपर्यंत शेजारच्या पोरीनं सांगितलेलं असायचं. तिचा राग अजून आहे. तोवर शाळेत किलो आणि मीटर येऊन बरीच वर्षं झाली होती. औटकी म्हणून आम्ही काय मोजणार होतो, हे आबाजींना विचारायची कोणाची छाती नव्हती.

तर चोपडी घेऊन टेबलाशी गेलो. टेबलावरच्या बाईंनी मागचं पान पाहिलं. किंमत आठ आणे.

“पावपट किती झाली जी, काकाजी?”

“दोन आणे.”

“अन् दोन आण्याचे पैसे?”

“बारा. यातच लिहून हाय, पाहा.”

त्यांनी खरंच पान काढून, बोट ठेवून पाहिलं. “हाय बाप्पा, बाराच हाय. आता बारा पैसे तुमी देसान कायचे अन् मी ठेवीन कुठी?”

खरं होतं. 2011 पासून चार आण्याचं नाणंही चालत नाही, बारा पैशांची काय कथा. शेवटी “नियम नियमाच्या जागी, तुमी दहा रुपये द्या” असा निकाल झाला. भूगोलाला मागचं पानच नव्हतं, त्याचेही दहा.

मला वाटतं, तालुक्याच्या वाचनालयांनी असल्या पुस्तकांसाठी एखादी फळी राखावी. जुनी पुस्तकं काढायची वेळ आली की पहिली कुऱ्हाड यांच्यावर, आणि कादंबरीच्या चौथ्या प्रतीला मात्र कपाट. हे मी एका वाचनालयाच्या कार्यवाहांना बोललो. ते म्हणाले, “तुम्हीच द्या ना मग तुमच्याकडची.” त्यावर मी विषय बदलला. या पावसाळ्यात तुरीचं बियाणं कोणतं घ्यावं, त्यावर बरंच बोलणं झालं.