तुम्ही विचारलंत म्हणून: एसडब्ल्यूआर मीटर असताना सिम्युलेटर कशाला?

हा प्रश्न मला बँडवर गप्पा मारताना येतो, नवीन परवाना मिळालेल्यांकडून येतो आणि वीस-वीस वर्षं हॅम (हौशी रेडिओवाले) असलेल्यांकडूनही येतो. अँटेना आणि रिग (रेडिओ सेट) यांचा मॅच जुळवणाऱ्या एल नेटवर्कचं गणित दोन ओळींचं, कॅल्क्युलेटरवर होतं, मॅच किती जुळला ते दाखवणारा एसडब्ल्यूआर मीटर शेजारी आहेच, मग एका कॉइल आणि एका कपॅसिटरसाठी एलटीस्पाइससारखा सर्किट सिम्युलेटर उघडून तास-तास का बसायचं?

खरं सांगू का, व्हॅल्यू काढायला मी सिम्युलेटर उघडतच नाही. व्हॅल्यू कागदावरच निघतात. माझ्या आखूड व्हर्टिकलचंच, म्हणजे उभ्या अँटेनाचंच घ्या, ४० मीटर बँड, ७.१ मेगाहर्ट्झ. अँटेना ॲनालायझरने बुडाशी १० ओहम रेझिस्टन्स आणि उणे १५० ओहम रिॲक्टन्स (कॉइलचा अधिक, कपॅसिटरचा उणे धरतात) दाखवला आणि रिगला हवेत ५०. आता ५० भागिले १० म्हणजे ५, त्यातून १ गेला, ४ चं वर्गमूळ २, हा झाला नेटवर्कचा क्यू. सिरीजमध्ये १० गुणिले २ म्हणजे २० ओहमची कॉइल लागली, शिवाय अँटेनाचे उणे १५० खोडायला अजून १५०, मिळून १७० ओहम, म्हणजे ३.८१ मायक्रोहेन्री. रिगच्या बाजूला ग्राउंडला जाणारा कपॅसिटर ५० भागिले २, म्हणजे २५ ओहम, म्हणजे साधारण ८९७ पिकोफॅरड. झालं, कागदावर एसडब्ल्यूआर १, म्हणजे अचूक मॅच.

पण कॉइल गुंडाळायला बसलं की कागद गप्प होतो. लाल रंगाचा टी-१३०-२ टोरॉइड (कड्यासारखा कोअर) घेतला तर ३.८१ ला १८.६ वेढे येतात, आणि टोरॉइडवर अर्धा वेढा नसतो, तार भोकातून गेली की एक वेढा, नाहीतर नाही. मग १८ घ्यायचे की १९? आणि कपॅसिटर ८९७ चा कुठेच मिळत नाही, ८२० आणि ८२ पॅरलल केले की ९०२ होतात, ते चालतील का? इथे मी सिम्युलेटर उघडतो, कारण सूत्र मला बरोबर उत्तर देतं, पण त्या उत्तरापासून थोडं सरकलो तर किती महागात पडेल ते सांगत नाही.

मी एकेक व्हॅल्यू स्टेप करून बघितली. कपॅसिटर ५ टक्के वाढवला तर एसडब्ल्यूआर कुठे गेला? १.१. काहीच झालं नाही म्हणा. मग कॉइल फिरवली. १९ वेढ्यांना ३.९७ मायक्रोहेन्री होतात, म्हणजे जेमतेम ४ टक्के जास्त, आणि एसडब्ल्यूआर थेट २! १८ वेढे घेतले तर २.९ च्या आसपास. मी ते दोन ग्राफ बराच वेळ बघत बसलो होतो, कारण तोपर्यंत मी कपॅसिटर मोजून मोजून निवडायचो आणि कॉइल मात्र "साधारण एवढे वेढे" अशी गुंडाळायचो, नेमकं उलटं. कारण नंतर विचार केला तर सरळ आहे, कॉइलचे १७० आणि अँटेनाचे १५० यांच्या वजाबाकीतून आपल्याला हवे ते २० उरतात, त्यामुळे १७० मध्ये ७ ओहमची चूक झाली की ती २० मधली ७ ची चूक होते. तेव्हापासून १९ वेढे घालायचे आणि ते कोअरवर पसरून इंडक्टन्स खाली आणायचा, असं करतो. ९०२ चा कपॅसिटर बिनधास्त लावतो.

सिम्युलेटरमध्ये रिगच्या जागी सोर्स लावताना मात्र जरा जपून. १०० वॅटसाठी व्होल्टेज सोर्स २०० व्होल्ट पीक आणि त्याला सिरीज ५० ओहम, म्हणजे मॅच झाल्यावर लोडवर १०० व्होल्ट पीक येतात आणि हिशेब जुळतो. दुसरी गोष्ट, फ्रिक्वेन्सी लिहिताना ७.१ च्या पुढे नुसता एम टाकलात तर ते मिली धरलं जातं, स्पाइसमध्ये कॅपिटल-स्मॉल असा फरकच नाही, मेगासाठी एमईजी अशी तीन अक्षरं लिहावी लागतात. बर्कलीच्या विद्यापीठातून १९७३ साली स्पाइस बाहेर आलं, त्यातून पुढे आलेल्या प्रोग्रॅममध्ये ही सवय अजून तशीच आहे.

आता मला सगळ्यात जिव्हाळ्याचा मुद्दा, कॉइलचा लॉस. कॉइलला रेझिस्टन्स लिहिलाच नाहीत तर सिम्युलेटर ती जवळपास लॉसलेस धरतो आणि सगळं छान छान दिसतं. म्हणून मी दरवेळी रिॲक्टन्स भागिले कॉइलचा क्यू (मघाचा नेटवर्कचा क्यू नव्हे; हा जितका जास्त तितका लॉस कमी) एवढा रेझिस्टन्स सिरीजमध्ये टाकतोच. कॉइलचा क्यू २०० असेल तर ०.८५ ओहम, म्हणजे १०० वॅटपैकी ८ वॅट कॉइलमध्ये जातात, ठीक आहे. क्यू ५० असेल तर ३.४ ओहम, आणि मग जवळजवळ २५ वॅट कॉइल तापवण्यात जातात. पाव पॉवर! आणि त्या वेळी रिगच्या टोकाला एसडब्ल्यूआर किती असतो? १.३४. मीटरकडे बघून कोणीही म्हणेल मस्त मॅच झालाय. उलट लॉसमुळे कर्व्ह रुंद होतो, सगळ्या बँडभर एसडब्ल्यूआर कमी दिसतो आणि माणूस अजूनच खूश होतो. मीटर परत आलेली पॉवर बघतो, पुढे गेलेल्या पॉवरचं काय झालं ते त्याला कळायचा मार्गच नाही. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर म्हणाल तर हेच आहे, सिम्युलेटर मला प्रत्येक पार्टमधले वॅट वेगळे काढून दाखवतो.

त्यातच करंटही दिसतो. त्या कपॅसिटरवर व्होल्टेज १०० व्होल्ट पीक फक्त, म्हणून कोणी छोटासा सिरॅमिक लावतो, पण त्यातून करंट वाहतो २.८ अँपिअर आरएमएस. सिल्व्हर मायकाचे दोन-चार पॅरलल लावून करंट वाटून द्या.

एक चूक सांगतो, माझे तीन दिवस गेले त्यात. सुरुवातीला मी ॲनालायझर त्याच्या स्वतःच्या पोर्टवर कॅलिब्रेट केला आणि ७ मीटर कोॲक्स केबलमधून अँटेना मोजली, आलेले आकडे सिम्युलेटरमध्ये घातले, सुंदर मॅच काढला आणि नेटवर्क अँटेनाच्या बुडाशी नेऊन बसवलं. एसडब्ल्यूआर १० च्या वर. कॉइल उकलली, परत गुंडाळली, कपॅसिटर बदलले, काही फरक नाही. साध्या ०.६६ व्हेलॉसिटी फॅक्टरच्या (केबलमध्ये सिग्नलचा वेग प्रकाशाच्या ०.६६ पट) कोॲक्सला ७.१ मेगाहर्ट्झवर ७ मीटर म्हणजे बरोबर पाव वेव्हलेंग्थ होते, आणि तिच्यातून बघितलं तर केबलचा लॉस सोडून १० आणि उणे १५० चे १.१ आणि अधिक १६.६ होतात. कपॅसिटिव्ह अँटेना मला इंडक्टिव्ह दिसत होती! तेच नेटवर्क रिगजवळ ठेवलं असतं तर आकडे निदान त्या जागेचे तरी होते. आता मी कॅलिब्रेशन नेहमी केबलच्या अँटेनाकडच्या टोकाला करतो, शॉर्ट-ओपन-लोड हे कॅलिब्रेशनचे तीन तुकडे तिथेच लावून.

आणि अँटेनाच्या जागी नुसता एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर ठेवणं हे एका फ्रिक्वेन्सीपुरतंच खरं असतं, बँडविड्थ बघायची असेल तर चालत नाही, कारण खऱ्या व्हर्टिकलचा रिॲक्टन्स त्याहून झपाट्याने बदलतो आणि सिम्युलेटर तुम्हाला उगाच रुंद कर्व्ह दाखवतो. नॅनोव्हीएनए या छोट्या ॲनालायझरमधून टचस्टोन फाइल (प्रत्येक फ्रिक्वेन्सीला मोजलेले आकडे) घ्या आणि सिमस्मिथ या प्रोग्रॅममध्ये लोड म्हणून द्या, म्हणजे स्मिथ चार्टवर (रेझिस्टन्स-रिॲक्टन्सच्या गोल आलेखावर) प्रत्येक पार्टने बिंदू कुठून कुठे नेला तेही समोर दिसतं. त्या १० ओहममध्ये जमिनीचा लॉस किती आणि खरं रेडिएशन किती हे मात्र त्या फाइलमध्ये वेगळं नसतं, ते रेडियल (बुडाशी जमिनीवर पसरलेल्या तारा) वाढवून परत मोजूनच कळतं.

या व्हर्टिकलचं नेटवर्क परवा पूर्ण झालं आणि मी मोजलेला कर्व्ह सिम्युलेशनच्या कर्व्हवर ठेवून बघितला. मोजलेला थोडा रुंद निघाला. मी कॉइलचा क्यू २०० धरला होता, तो खाली खाली आणत गेलो, १२० ला दोन्ही कर्व्ह एकमेकांवर बसले. म्हणजे १.४ ओहम, १२ वॅट. रविवारी जाड तारेची एअरकोर (आत कोअर नसलेली) कॉइल गुंडाळायला घेणार आहे.